सर्वांच्या पावलाने पक्षिनिरीक्षण

पक्षिनिरीक्षण म्हटले म्हणजे सामान्य नागरिकाच्या डोळ्यांसमोर एक ठराविक चित्र उभे राहते. गळ्यात दुर्बीण, पायांत भक्कम बूट, आणि भल्या पहाटे डोंगर चढून जाणारा कोणी धडधाकट तरुण. हे चित्र खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे, आणि त्या अपुरेपणामुळे पुष्कळांचे नुकसान होते. गुडघ्यांनी जेरीस आलेल्या आजीबाई, चाकांच्या खुर्चीतून फिरणारा विद्यार्थी, दृष्टी गमावलेले निवृत्त शिक्षक, ऐकू न येणारी मुलगी, ही सारी मंडळी त्या चित्राकडे पाहून मनाशी म्हणतात, ‘हे काम आपले नव्हे.’ वस्तुतः शहरातील सार्वजनिक बागेत, जाणत्या वाटाड्याच्या सोबतीने, दहाबारा जणांनी मिळून करावयाचे पक्षिनिरीक्षण हे त्यांचेही काम आहे. किंबहुना ती मंडळी बरोबर असली म्हणजे इतरांचे निरीक्षणही अधिक चांगले होते.

या छंदाचा इतिहास पाहिला तर त्याचे दार पायरीपायरीने रुंद होत आलेले दिसते. एकोणिसाव्या शतकात पक्षी ओळखावयाचा म्हणजे तो बंदुकीने पाडून हातात घ्यावयाचा, अशीच रीत होती. खुद्द डॉ. सालिम अली यांना पक्षिविद्येची गोडी लागली ती अशाच प्रसंगातून. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही नेहमीची चिमणी नव्हे, असे दिसल्यावर तिची ओळख पटविण्यासाठी ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि तेथील मानद चिटणीस मिलर्ड यांनी पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचा संग्रह त्यांच्यापुढे उघडला. ही सोसायटी १८८३ साली मुंबईच्या आठ गृहस्थांनी स्थापन केली होती. डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन महाराष्ट्रीय डॉक्टर त्या आठांत होते. चार जाणत्यांनी एकत्र बसून आपापली निरीक्षणे पडताळून पाहावीत, हा सामुदायिक अभ्यासाचा पायंडा मुंबईस इतका जुना आहे.

दुसरी पायरी अमेरिकेत पडली. १८८६ साली स्मिथ कॉलेजात शिकणारी फ्लॉरेन्स मेरियम ही विद्यार्थिनी आपल्या मैत्रिणींना घेऊन पक्षी पाहावयास जाऊ लागली. त्या काळी टोप्यांवर पिसे, प्रसंगी सबंध पक्षीच, मिरविण्याची फॅशन स्त्रियांत बोकाळली होती. जिवंत पक्षी एकवार नीट पाहिल्यावर मेलेला पक्षी डोक्यावर घालवणार नाही, हा तिचा हिशेब होता. नाटकगृहात वापरावयाच्या लहान दुर्बिणीतून पक्षी कसे पाहावेत, याविषयीचे तिचे पुस्तक १८८९ साली प्रसिद्ध झाले. बंदूक मागे पडून दुर्बीण पुढे आली, आणि शिकाऱ्याखेरीज इतरांनाही या विद्येत प्रवेश मिळाला.

परंतु दुर्बिणीनेही आपल्या अटी घातल्याच. डोळे चांगले हवेत, हात स्थिर हवेत, आणि मनात येईल तेथे नेणारे पाय हवेत. या अटी सैल करण्याची तिसरी पायरी अलीकडची आहे. अमेरिकेतील ऑस्टिन शहराच्या व्हर्जिनिया रोझ या बाई वयाच्या चौदाव्या वर्षी घोड्यावरून पडल्या, आणि तेव्हापासून त्यांचा वावर चाकांच्या खुर्चीतून आहे. पुढे त्यांना पक्ष्यांचा छंद जडला. कोणत्या बागेत आपली खुर्ची जाईल आणि कोठे ती अडेल, हे त्यांना प्रत्येक ठिकाणी स्वतः जाऊनच शोधावे लागे. या अनुभवातून त्यांनी बर्डेबिलिटी ही संस्था उभी केली, आणि २०२० सालच्या ऑक्टोबरात तिचा पहिला सप्ताह साजरा झाला. पक्षी पाहण्याच्या ठिकाणांचा एक नकाशा या संस्थेच्या पुढाकाराने तयार झाला आहे. त्यात वाट कशाची आहे, चढ किती आहे, बाक आहेत किंवा नाहीत, स्वच्छतागृहात खुर्ची जाते की नाही, अशी माहिती लोकच भरतात. त्या बागेत मला जाता येईल काय, हे वाचणाऱ्याने स्वतः ठरवावयाचे. दुसऱ्याच्या शक्तीचा अंदाज आपण बांधून त्याला घरी बसविणे, यापेक्षा ही रीत अधिक सभ्य आहे.

दृष्टी नसलेल्या मनुष्याला पक्ष्यांची मौज ती काय कळणार, असा प्रश्न पुष्कळांच्या मनात येतो. त्याचे उत्तर मराठी भाषेने केव्हाच देऊन ठेवले आहे. कावळ्याचे आणि टिटवीचे नाव त्यांच्या ओरडण्यावरून पडले. पावशा दिसतो क्वचितच. परंतु मृगाच्या आगेमागे ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ ही त्याची हाक ऐकली नाही असा शेतकरी मिळणार नाही. तांबट पक्ष्याची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. तेथे तांब्याच्या हंड्यावर हातोडीचे ठोके एका लयीत पडतात, तसाच या पक्ष्याचा टुक टुक असा आवाज एका मिनिटात शंभराहून अधिक वेळा येतो. ज्याने त्याला हे नाव दिले त्याने पक्षी आधी ऐकला, मग पाहिला.

आता याच तांबटाला डोळ्यांनी शोधण्याचा प्रयत्न करावा. तो चिमणीहून थोडा मोठा, हिरवा, आणि बहुधा वडापिंपळाच्या हिरव्या पानांत बसलेला. आवाज काढताना त्याची चोच मिटलेली असते, आणि मान इकडून तिकडे वळत असल्यामुळे आवाज कोणत्या बाजूने येत आहे याचाही भ्रम पडतो. अशा वेळी उत्तम दुर्बीण असलेला मनुष्य झाडाभोवती चकरा घालीत राहतो, आणि कानावर विसंबण्याची सवय असलेला दृष्टिहीन सोबती शांत उभा राहून फांदीची दिशा बोटाने दाखवितो. भारद्वाजाचा खोल घुमणारा हुंकार, दयाळाची सकाळची शीळ, सातभाईंच्या टोळीचा कलकलाट, एवढ्याशा शिंप्याचा न शोभणारा मोठा आवाज, हे सारे कानाचेच ज्ञान आहे. कुहू कुहू अशी साद घालणारा पक्षी मादी नसून काळाभोर नर असतो, आणि ठिपकेदार मादी निराळाच ‘किक् किक्’ असा आवाज काढते, हेही कान उघडे ठेवल्यावाचून ध्यानात येत नाही.

उलट ज्याला ऐकू येत नाही त्याचे डोळे पक्ष्याच्या हालचालीवर विलक्षण स्थिर राहतात. वेडा राघू तारेवरून झेप घेऊन माशी टिपतो आणि गिरकी घेऊन पुन्हा त्याच जागी बसतो. नाचण शेपटीचा पंखा उलगडून फांदीवर डावीउजवीकडे वळत राहते. या गोष्टी गप्पा मारणाऱ्यांच्या नजरेतून सुटतात. उतारवयात प्रथम बारीक, तीव्र आवाज ऐकू येईनासे होतात. शिंजीर किंवा चष्मेवाला आजोबांना ऐकू येणार नाही. परंतु नातवाला तो ऐकू येईल, आणि नातवाने दाखविलेल्या पक्ष्याचे नाव आजोबा सांगतील. एकट्याने हिंडणाऱ्याला आपल्या ज्ञानेंद्रियांची उणीव कळतही नाही. समूहात ती भरून निघते, हाच समूहाने जाण्याचा खरा लाभ होय.

अर्थात नुसता समूह जमविल्याने हे साधत नाही. सारा भार वाटाड्यावर असतो, आणि त्याने काही पथ्ये पाळावयाची असतात. सर्वांत सावकाश चालणाऱ्याचा वेग तो सबंध मंडळीचा वेग. तासाभरात अर्धा मैल चालणे झाले तरी पुष्कळ. पक्षी बुजतात ते लगबगीमुळे. त्यामुळे सावकाश चालणाऱ्याला अधिक पक्षी दिसतात. मागे राहिलेला मनुष्य येऊन पोहोचल्यावरच बोलावयास आरंभ करावा. नाहीतर तो पोहोचतो तोच मंडळी पुढे निघतात, आणि त्याच्या वाट्याला ना पक्षी येतो ना विसावा. ओठांच्या हालचालींवरून बोलणे समजणारे कोणी असल्यास झाडाकडे तोंड करून बोलू नये. आधी पक्षी दाखवावा, मग मंडळींकडे वळून त्याची माहिती सांगावी. ‘तो पाहा, तिकडे’ हे वाक्य दृष्टिहीनाच्या काहीच उपयोगाचे नाही. त्याऐवजी पक्षी उजव्या हाताला, वीस पावलांवर, डोक्याच्या दुप्पट उंचीवर आहे, असे सांगावे. आकारही शब्दांत सांगावा. डॉ. सालिम अली यांनी १९४१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात पक्ष्यांचे आकारमान चिमणी, बुलबुल, साळुंकी, कावळा अशा परिचित पक्ष्यांच्या तुलनेने दिले. तेच माप मुठीने, ओंजळीने, किंवा लाकडाची प्रतिकृती हाती देऊन सांगितले की बोटांनाही समजते. मात्र पक्ष्याला जवळ आणण्यासाठी मुद्रित आवाज वाजविण्याचा मोह टाळावा. विणीच्या दिवसांत नराला तो शत्रूचा आवाज वाटतो, आणि त्याचा जीव हकनाक टांगणीला लागतो.

वाटाड्या कितीही कुशल असला तरी बागेच्या फाटकापुढे त्याचे काही चालत नाही. मोटारसायकली आत शिरू नयेत म्हणून फाटकात लोखंडी खांब इतके जवळजवळ रोवलेले आढळतात की चाकांची खुर्ची त्यांतून जातच नाही. अशा खुर्चीस सुमारे ९० सेंटिमीटर रुंदीची मोकळी वाट हवी. पायऱ्यांच्या जागी उतार करावयाचा तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी, हे सर्वमान्य प्रमाण आहे. यात अवघड असे काही नाही आणि खर्चही फारसा नाही. २०११ च्या जनगणनेत भारतातील अपंग व्यक्तींची संख्या सुमारे २ कोटी ६८ लाख भरली. त्यांत चालण्याफिरण्याची अडचण असलेले सुमारे ५४ लाख होते, आणि दृष्टीची व श्रवणाची अडचण असलेले प्रत्येकी सुमारे ५० लाख. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक जागा त्यांना वापरता येतील अशा करण्याचे बंधन घातले आहे. म्हणजे फाटकातील तो खांब हलविणे हा कोणाच्या दयेचा विषय राहिलेला नाही. बाग ज्या कराच्या पैशातून राखली जाते तो कर त्यांच्याही घरातून येतो.

काही सद्‌हेतूचे लोक सुचवितात की अशा मंडळींकरिता वर्षातून एखादी स्वतंत्र फेरी काढावी. आरंभ म्हणून तिला हरकत नाही. काहींना समदुःखी सोबत्यांमध्ये अधिक मोकळे वाटते, हेही खरे. परंतु तेवढ्यावर समाधान मानले तर त्या फेरीला समारंभाचे रूप येते. हारतुरे होतात, छायाचित्रे निघतात, आणि दुसऱ्या रविवारी नेहमीची मंडळी नेहमीच्या वेगाने पुढे निघून जातात. नेहमीचीच फेरी सर्वांना जमेल अशी आखणे हा अधिक टिकाऊ उपाय होय. तिच्यातून कोणी दमून बाकावर बसले तर बाकही निरीक्षणाचेच स्थान आहे. एका जागी वीस मिनिटे स्वस्थ बसणाऱ्याजवळ पक्षी आपण होऊन येतात, हे कोणताही जुना निरीक्षक सांगेल.

महाराष्ट्रात या कामास एक सोयीचा मुहूर्तही आहे. ५ नोव्हेंबर हा अरण्यवाचक मारुती चितमपल्ली यांचा, आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस. या दोन दिवसांमधील आठवडा पक्षी सप्ताह म्हणून पाळण्याचे राज्य सरकारने २०२० साली ठरविले. त्या सुमारास हिवाळी पाहुणे येऊन पोहोचलेले असतात. शेपटी खालीवर करीत हिरवळीवर तुरुतुरु धावणारा धोबी पक्षी तर जणू खुर्चीत बसलेल्यांच्या सोयीसाठीच जमिनीवर वावरतो. त्याला पाहण्यास मान उंचवावी लागत नाही.

मुंबईत मिठी नदीच्या काठी, धारावीला लागून, एके काळी शहराचा कचरा टाकला जात असे. तेथेच झाडे लावून ३७ एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभे राहिले, आणि १९९४ साली ते लोकांसाठी खुले झाले. जेथे दुर्गंधीमुळे माणूस थांबत नव्हता तेथे पक्षी घरटी करू लागले. कचऱ्याच्या ढिगावर रान उगविण्याची ज्या नगरवासीयांना उमेद आहे, त्यांना फाटकातील एक खांब हलविणे आणि वाटेच्या कडेला चार बाक मांडणे अशक्य असावे, हे संभवत नाही.

म्हणून येत्या सप्ताहात आपल्या पेठेतील, आपल्या विभागातील बागेत फेरी काढू पाहणाऱ्यांनी पहिली फेरी पक्ष्यांची न काढता वाटेची काढावी. चाकांची खुर्ची वापरणाऱ्या किंवा काठी टेकीत चालणाऱ्या एखाद्या शेजाऱ्याला सोबत न्यावे, त्याला कोठे अडते ते टिपून घ्यावे, आणि ते टिपण नगरपालिकेच्या उद्यान खात्याकडे द्यावे. दुसऱ्या फेरीस त्याच शेजाऱ्याला पुन्हा बोलवावे. तांबट आपल्या झाडावर ठोके देतच असेल. तो ऐकावयास सर्वजण एकाच वेळी पोहोचले म्हणजे झाले.