संत्र्याचे कलम आणि कोळ्याची परीक्षा



अमरावती जिल्ह्यातील वरुड आणि मोर्शी तालुक्यांत संत्र्याने अनेकांचे संसार उभे केले आहेत. या बागांचा आरंभ मात्र रोपवाटिकेत होतो. वरुड तालुक्यातील शेंदुरजना घाट हे गाव संत्र्याच्या कलमांसाठी दूरवर प्रसिद्ध आहे. जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधून तयार झालेले कलम शेतकरी घेतो, तेव्हा तो पुढील पाच-सहा वर्षांचा भरवसाच घेत असतो. कलम दुबळे निघाल्यास पैशाबरोबर काळही वाया जातो.

संत्रा हे सदाहरित झाड होय. त्यामुळे कोळ्याला बारा महिने आसरा मिळतो. कोळी हा कीटक नव्हे; त्याला बहुधा आठ पाय असतात आणि साध्या डोळ्यांना तो क्वचितच दिसतो. तो पानांतील रस शोषतो, पाने फिकट पडतात आणि रोपाची वाढ खुंटते. फळांवर याच वर्गातील कोळ्यामुळे पडणाऱ्या तांबूस डागांना शेतकरी ‘लाल्या’ म्हणतात. पाण्याचा ताण आणि पानांवरील धूळ कोळ्याला पोषक ठरते.

अशा वेळी हाती येईल ते कीटकनाशक फवारण्याचा मोह होतो. परंतु कित्येक कीटकनाशकांनी कोळी मरत नाही. उलट त्याला खाणारे परभक्षी कोळी व भुंगेरे मरतात आणि उपद्रव वाढतो. म्हणूनच औषधाची परीक्षा आवश्यक ठरते.

ही परीक्षा कशी घ्यावी? रोपांचे सारखे वाफे निवडून कोणत्या वाफ्यावर कोणते औषध, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. काही वाफे फवारणीविना राखावेत. फवारणीपूर्वी, तसेच तिसऱ्या, सातव्या व चौदाव्या दिवशी ठरावीक पानांवरील कोळी भिंगाखाली मोजावेत. समजा, फवारलेल्या वाफ्यात १०० कोळ्यांपैकी १५ उरले. यश ८५ टक्के वाटेल. परंतु पावसामुळे न फवारलेल्या वाफ्यातही १०० चे ६० झाले असतील, तर औषधाचे खरे श्रेय ७५ टक्केच होय. १९२५ साली अॅबट या अमेरिकन शास्त्रज्ञाने मांडलेले सूत्र हाच हिशेब शिकविते. चौदाव्या दिवसाची मोजणीही टाळू नये. कारण अंडी पुष्कळदा फवारणीतून वाचतात.

औषधाबरोबर कायदाही पाहिला पाहिजे. एके काळी कोळ्यावर सर्रास वापरले जाणारे डायकोफॉल २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत आले आणि २०२३ च्या आदेशाने भारतात त्यावर बंदी आली. जुन्या पुस्तिकेतील शिफारस म्हणूनच तपासून घ्यावी. गंधकाची फवारणीही कडक उन्हात केल्यास पाने करपतात. १९६९ साली अकोल्यात स्थापन झालेल्या, डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव धारण करणाऱ्या कृषी विद्यापीठाच्या चालू शिफारशी आणि डब्यावरील सूचना हाच आधार असावा.

फवारणारा हातही माणसाचाच असतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे विसरता येणार नाही. हातमोजे, मुखपट्टी आणि वाऱ्याच्या दिशेचे भान यांत कसूर नसावी.

ग्रामपंचायतीने हा विषय ग्रामसभेत मांडावा, शिक्षकांनी शाळेतील भिंग एकदा संत्र्याच्या पानावर धरावे. मोजण्याची सवय गावात रुजली, तर अनावश्यक फवारणी आपोआप थांबेल आणि निकोप कलम शेतकऱ्याच्या हाती पडेल.