साहित्याचा विद्यार्थी आणि रंजक कादंबरी

महाविद्यालयांत मराठी वाङ्मय शिकणाऱ्या विद्यार्थ्यानें रहस्यकथा, साहसकथा आणि तत्सम लोकप्रिय कादंबऱ्या वाचाव्या कीं वाचूं नयेत, हा वाद घरोघरीं जुनाच आहे. एके काळीं एम्. ए. च्या विद्यार्थ्याच्या उशाखालीं बाबूराव अर्नाळकरांच्या काळ्या पहाडाची एखादी कथा सांपडली कीं वडील मंडळींच्या कपाळाला आठी पडे. आज तिची जागा दुसऱ्या कोणा रहस्यकथेनें घेतली आहे, आठी मात्र तीच आहे. इतक्या खर्चाचें आणि इतक्या वर्षांचें हेंच का फळ, असें त्यांस वाटतें. वाटणें स्वाभाविक आहे. बरोबर आहे, असें मात्र नव्हे.

या वादांत हरि नारायण आपटे यांचें उदाहरण फार बोलकें आहे. रेनॉल्ड्स नांवाचा इंग्रज कादंबरीकार लंडनच्या गल्लीबोळांतील खून, कपट आणि गुपितें आठवड्याच्या स्वस्त अंकांतून विकीत असे. पंडितांच्या पंक्तींत त्याला पाट मिळत नसे. तरीहि आपट्यांची १८८५ सालची पहिली कादंबरी 'मधली स्थिति' त्याच्याच एका कादंबरीच्या आधारानें रचली गेली. पुढें १८९० मध्यें त्यांनीं 'करमणूक' साप्ताहिक काढलें, आणि 'पण लक्षांत कोण घेतो' ही यमूची कहाणी त्यांतून क्रमशः वाचकांच्या हातीं पडूं लागली. पुढच्या अंकाची ओढ लावण्याची युक्ति रेनॉल्ड्सपाशींहि होती. ती ओढ कोणत्या दुःखाकडे न्यावी, हा निर्णय आपट्यांचा. ज्या घरांत सुधारणेवरील व्याख्यान कोणी ऐकून घेतलें नसतें, त्या घरांतहि यमूच्या केशवपनाची हकीकत करमणूक म्हणून शिरूं शकली. नुसते अभिजात ग्रंथ चाळून ही वाट सांपडली असती काय?

याच आपट्यांस विद्यापीठाची पदवी मिळाली नाहीं. आणि १९१५ मध्यें मुंबई विद्यापीठाच्या विल्सन व्याख्यानमालेंत मराठी भाषेवर बोलण्यास त्यांनाच पाचारण करण्यांत आलें!

एवढ्यावरून पदवी निरर्थक ठरत नाहीं. आपट्यांसारखा माणूस एखादाच. बाकीच्यांना गुरु, अभ्यासक्रम आणि परीक्षेचा थोडा धाक लागतोच. पदवीनें पोट भरण्याची सोय होते, हेंहि हिणवण्यासारखें नाहीं. पण नेमलेलीं आठदहा पुस्तकें आणि त्यांवरील मार्गदर्शिका यांपलीकडे ज्यानें पाऊल टाकलें नाहीं, त्याची पदवी रसिकतेचा दाखला होऊं शकत नाहीं. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ सालीं निघाली, ती मुख्यतः मनोरंजनासाठींच. आज तिचें नांव वाङ्मयाच्या इतिहासांत आदरानें घेतलें जातें. अर्नाळकरांनीं हजारांहून अधिक पुस्तकें लिहिलीं. त्यांतून भाषेचें वैभव मिळेल, असें कोणी म्हणूं नये. पहिल्याच पानावर वाचकाला कसें धरून ठेवावें, हें मात्र तेथें उघड दिसतें.

विद्यार्थ्यानें एखाद्या सायंकाळीं गांवच्या ग्रंथसंग्रहालयांत देवघेवीच्या खिडकीपाशीं उभें राहावें. कोणतीं पुस्तकें शिवण सुटेपर्यंत फिरलीं आणि कोणाचीं पानें अजून फोडलींहि गेलीं नाहींत, हें तेथील कारकून आनंदानें दाखवील. मग त्यांतलें एक शिवण सुटलेलें आणि एक कोरें, अशीं दोन पुस्तकें त्यानें घरीं न्यावीं.