वस्तू घडविण्याची विद्या
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा माझ्याकडून विद्वत्तेची अपेक्षा कुणी ठेवू नये. आजचा विषय 'प्रॉडक्ट डिझाइन', म्हणजे रोजच्या वापरातल्या वस्तूंचा आराखडा करण्याची विद्या. माझी मुलगी यंदा नववीत आहे आणि तिने हेच शिकायचे मनात घेतले आहे. त्यावरून घरात दोन पक्ष पडले. "चित्रे काढून पोट भरते का?" असे आमच्या घरातल्या मंडळींचे म्हणणे. म्हणून मी चार ठिकाणी चौकशी केली.

पहिली गोष्ट ही, की हे नुसते चित्र काढणे नव्हे. मिक्सरचेच घ्या. परदेशी मिक्सर तिकडच्या हलक्या कामाचे. आपले ओले खोबरे नि भिजली डाळ वाटायला लावली की मोटर जळायची. १९६३ च्या सुमारास सत्यप्रकाश माथुर या इंजिनिअरने घरातली हीच अडचण पाहून आपल्या वाटणाला टिकेल असा 'सुमीत' मिक्सर केला. वाटणारी कोण, काय वाटते, भांडे धुताना हात कुठे अडतो, हे आधी पाहायचे. मग कागदावर आराखडा, मग पुठ्ठ्याचा किंवा लाकडाचा नमुना. तो कुणाच्या तरी हातात देऊन बघायचा, आणि जमला नाही तर पुन्हा पहिल्यापासून! अडचणी काय त्या आपल्याइतक्या कुणाला ठाऊक? ओट्याची उंची ठरविणाऱ्याने कधी पंचवीस पोळ्या लाटलेल्या नसतात, असे माझे आपले मत आहे.

१९५८ साली चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन पतिपत्नींनी आपल्या सरकारला एक अहवाल दिला. त्यात त्यांनी कौतुक केले ते आपल्या साध्या लोट्याचे! तो हातात कसा बसतो, ओतताना तोल कसा राहतो, घासायला सोपा की अवघड, असा सगळा विचार त्यात आहे. पुढे १९६१ मध्ये अहमदाबादेस राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एन.आय.डी., निघाली आणि १९६९ मध्ये पवईच्या आय.आय.टी.त आय.डी.सी. हे केंद्र.

इंग्लंडात १९९० पासून 'डिझाइन अँड टेक्नॉलॉजी' हा विषय शाळेतच आहे. आपल्या दहावीला तसा स्वतंत्र पेपर नाही. मग मुलीने शाळेत काय करावे? एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा द्याव्या. भूमिती मनापासून करावी. काही शाळांत २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब आहेत. तिथे हाताने वस्तू करायला मिळतात. आपल्या शाळेत आहे का, ते विचारावे.

बारावीनंतर चार वर्षांची बी.डेस. पदवी. एन.आय.डी.ची प्रवेशपरीक्षा वेगळी आणि आय.आय.टी.साठी 'यूसीड' वेगळी. दोन्हींना शास्त्र, वाणिज्य, कला कोणतीही शाखा चालते. हे कळले तेव्हा आमच्या घरचे निम्मे भांडण मिटले. उरलेले निम्मे पैशाचे आहे, आणि ते खोटे नाही. जागा थोड्या, शुल्क लाखांत. खाजगी संस्थांत तर विचारूच नका. कर्ज काढण्यापूर्वी तिथून बाहेर पडलेल्या मुलांना कुठे कामे मिळाली, ते त्या मुलांनाच विचारावे. छापील माहितीपत्रकावर माझा फारसा भरवसा नाही.

दुसरी वाट दहावीनंतरची. आय.टी.आय.मध्ये 'टूल अँड डाय मेकर' हा अभ्यासक्रम आहे. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये पदविका होते. प्लास्टिकची बादली असो की डब्याचे झाकण, आधी साचा लागतो, आणि साचा करणाऱ्याला काम असते. तिथे मुली कमी जातात. का, ते मला कळत नाही; भाकरीला आकार देणाऱ्या हाताला लोखंड काय जड?

कामे कोणती, असे शेजारच्या वहिनींनी विचारले. मोटारी आणि स्कूटरी, भांडी, फर्निचर, खेळणी, दवाखान्यातली उपकरणे, वस्तूंची खोकी नि वेष्टने. शिवाय मोबाइलच्या पडद्यावर कोणते बटण कुठे असावे हे ठरविणारेही हेच शिकलेले असतात. पहिला पगार सर्वांना सारखा मिळत नाही, हेही सांगून ठेवते.

यूसीडचे अर्ज अलीकडे दिवाळीच्या आसपास निघतात व परीक्षा जानेवारीत होते. बारावीच्या गडबडीत तारीख निघून जाते, म्हणून आधीपासून लक्ष ठेवावे. चित्रकलेच्या परीक्षांचे अर्ज शाळेतूनच भरतात. ज्यांच्या मुली आठवी-नववीत आहेत, त्यांनी या आठवड्यातच चित्रकलेच्या शिक्षकांना भेटावे. मी सोमवारी जाणार आहे. कुणाला सोबत यायचे असेल तर सभेनंतर सांगा.