सेवा आणि वेतन
(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या वर्षभरात दोन प्रश्न आमच्यापुढे आले. एका देणगीदारांनी विचारले, "समाजसेवा करायची आणि पगारही घ्यायचा, हे कसे?" आठवड्यातून दोन दिवस येणाऱ्या एका तरुण स्वयंसेविकेने विचारले, "हेच काम आयुष्यभर करावेसे वाटते, पण घर कसे चालेल?" दोन्ही प्रश्नांचा उगम एकच आहे : सेवा आणि वेतन यांचे जमत नाही, हा समज.

महाराष्ट्रात हा विचार जुना आहे. नामदार गोखले यांनी १९०५ साली पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. आयुष्य वाहून घेणाऱ्या सदस्यांच्या साध्या निर्वाहाची जबाबदारी संस्थेने स्वीकारली. कारण पोटाची विवंचना असलेल्याला पूर्णवेळ सेवा करता येत नाही. त्याच समाजाचे सदस्य नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग उभी केली. पुढे १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क, म्हणजे आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, मुंबईत सुरू झाली आणि समाजकार्य हा शिकण्याचा विषय झाला. १९४६ साली जे. जे. रुग्णालयात देशातील पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली.

आपल्या मीरा-भाईंदरमध्ये या कामाची निकड विशेष आहे. उत्तन, राई, मुर्धा ही जुनी गावे येथे आहेत, तशीच देशाच्या कानाकोपऱ्यांतून पोटासाठी आलेली कुटुंबेही आहेत. भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांत राबणारा कामगार आजारी पडतो, तेव्हा त्याचे आईवडील शेकडो कोसांवर असतात. खाटेशी बसायला माणूस नसतो आणि रेशनकार्ड गावी राहिलेले असते.

अशाच एका रुग्णाने गेल्या पावसाळ्यात उपचार अर्धवट सोडून घरी जाण्याचा हट्ट धरला. त्याच्याजवळ बसून, त्याच्याच बोलीत बोलून, एका ज्येष्ठ स्वयंसेवकांनी खरे कारण काढून घेतले : त्याला बिलाची धास्ती होती. ते त्याला समाजसेविकेकडे घेऊन गेले. तिने गावाकडून कागदपत्रे मागविली, उत्पन्नाची खातरजमा केली आणि त्याचे प्रकरण नियमांत बसविले. एकाने मन मोकळे केले, दुसरीने मार्ग काढला. यात श्रेष्ठ कोण, हा प्रश्नच उद्भवत नाही.

वेतन घेणाऱ्या समाजसेवकाचे काम किती जबाबदारीचे आहे, हे कायद्यावरूनही दिसते. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली योजना २००६ पासून लागू आहे. तीनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखाव्या लागतात आणि बिलांच्या एकूण रकमेच्या २ टक्के निर्धन रुग्ण निधीत जमा कराव्या लागतात. कोणता रुग्ण कोणत्या गटात बसतो, याची पडताळणी समाजसेवक करतात. ही पडताळणी सवडीने करण्याजोगी नाही. तिच्यासाठी रोज हजर असणारे आणि उत्तरदायी असलेले माणूस लागते.

आमची एक चूकही आपल्यापासून लपवू नये. एका स्वयंसेविकेने कळवळ्यापोटी एका कुटुंबाला "बिल माफ होईल" असे सांगितले. तसे झाले नाही आणि त्या कुटुंबाला दुहेरी दुःख झाले. दोष तिचा नव्हता. तिला प्रशिक्षण न देता वॉर्डात पाठविणाऱ्या आमचा होता. तेव्हापासून पैसा आणि निदान या दोन विषयांवर स्वयंसेवकांनी बोलू नये, रुग्णाला समाजसेविकेकडे न्यावे, असा नियम केला आहे.

दुसरा नियम आम्ही स्वतःवर घातला आहे : पगारी जागा रिकामी ठेवून तिचे काम स्वयंसेवकांकडून करून घ्यायचे नाही. आपल्या राज्यातील आशा कार्यकर्त्यांना 'स्वयंसेविका' म्हणतात आणि कामानुसार मोबदला देतात. त्यांच्याकडील कामाचा भार मात्र नोकरीसारखाच वाढत गेला आणि वाढीव मोबदल्यासाठी २०२३ साली त्यांना संप करावा लागला. स्वेच्छेने दिलेला वेळ हे दान आहे. ते गृहीत धरले की अन्याय होतो.

त्या तरुण स्वयंसेविकेला आम्ही सांगितले, की आणखी काही महिने ये. दुःख रोज पाहूनही मन स्थिर राहते का, ते आधी स्वतःला कळू दे. मग पदवीनंतर दोन वर्षांचा एम.एस.डब्ल्यू. अभ्यासक्रम कर. मुंबईतील निर्मला निकेतन किंवा पुण्यातील कर्वे समाज सेवा संस्था यांसारख्या ठिकाणी वर्गाबरोबरच प्रत्यक्ष क्षेत्रकार्यही करावे लागते. येथे गेलेला तुझा एकही दिवस वाया जाणार नाही.

आणि देणगीदारहो, आपल्याला एक विनंती. यंत्रावर, खाटेवर, रुग्णवाहिकेवर दात्याचे नाव कोरता येते. समाजसेविकेच्या पगारावर नावाची पाटी लावता येत नाही, म्हणून त्यासाठी देणगी क्वचितच मिळते. तरीही, आपण दिलेली खाट गरजू रुग्णापर्यंत पोहोचते ती तिच्यामुळेच. तिचे वेतन वरखर्च समजू नये, उपचाराचाच भाग मानावे, एवढीच प्रार्थना.