कार्ड गावचं, धान्य इथलं



ऊसतोडीला, बांधकामाला आपण गाव सोडतो.
रेशन कार्ड मात्र गावच्या दुकानाला जोडलेलं राहतं.
मग धान्य बुडालं, असं अनेकांना वाटतं.

तसं नाही.
कार्ड गावचं असलं, तरी धान्य इथं मिळतं.

जवळच्या रेशन दुकानात जा.
आधार नंबर सांगा.
मशीनवर अंगठा लावा.
कार्डाला आधार जोडलेलं हवं, ही अट.

प्राधान्य कुटुंबाला दरमहा माणशी 5 किलो धान्य मिळतं.
तेही मोफत.
म्हातारे आईवडील गावीच असतील, तर त्यांचा वाटा ते तिथं उचलू शकतात.

दुकानदार नाही म्हणाला?
1967 वर फोन करा.
पुन्हा सांगते... एक, नऊ, सहा, सात.
आणि पावती घ्याच.

आता भाजीचं.
आठवडी बाजारात दिवेलागणीला जा.
माल परत न्यायचा नसतो, म्हणून भाव उतरतो.

आणि मटकीला मोड आणा.
मूठभर भिजवली, की पातेलंभर होते.
डाळ महागली, की माझी भिस्त तिच्यावरच!

शेजारी कुणी परगावाहून आलं असेल, तर त्यांना जरूर सांगा...
कार्ड गावचं असलं, तरी धान्य इथं मिळतं.