पट्टी कोणाच्या नावाची?

(लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली इथे मराठी पदवीधर तरुणांसमोर केलेलं भाषण)



इथून चालत आयएनए स्टेशनला जा, मेट्रोत बसा. तिसऱ्या स्टेशनावर उतरा. आपला गहू, आपला कांदा देशाबाहेर जाईल की नाही, ते त्या भागातल्या कचेऱ्यांत ठरतं. मी निफाड तालुक्यातला. कांदा काढणाऱ्या बाईचा मुलगा. त्या स्टेशनावर उतरताना मला अजून थोडं बिचकायला होतं.

13 मे 2022 ला गव्हाची निर्यात बंद झाली. कांडला बंदराबाहेर ट्रकांच्या रांगा लागल्या. 7 डिसेंबर 2023 च्या अधिसूचनेने कांद्याची बंद झाली. लासलगावला लिलाव थांबले, चांदवडला लोक महामार्गावर बसले. या दोन्ही अधिसूचना मी बसून वाचल्या. त्या हिंदी-इंग्रजीत निघतात, मराठीत नाही. बंदीतून सूट कोणाला, एवढंच मी शोधत होतो. गव्हात ज्याच्याकडे बँकेचं आधीचं पक्कं पतपत्र होतं त्याला. चार दिवसांनी, ज्याचा माल कस्टम्सच्या ताब्यात गेला होता त्यालाही. कांद्यात ज्याचा माल जहाजावर चढू लागला होता, किंवा शिपिंग बिल भरून जहाज बंदरात आलं होतं, त्याला. आता जहाजावरचा माल उतरवा असं मीही म्हणणार नाही. पण बघा, सूट मिळाली ती कागदाला. कंपनीकडे कागद होता, बंदराकडे कागद होता. कांदा उपटून ट्रॅक्टर भरून ठेवलेल्या माणसाकडे कुठला होता?

त्याच्याकडे असते ती बाजार समितीतली हिशोबपट्टी. तिची किंमत कमी समजू नका. फेब्रुवारी 2023 मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याचा 512 किलो कांदा किलोला एक रुपया दराने गेला. गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाऊन हातात दोन रुपयांचा चेक आला, तोही पुढच्या तारखेचा. देशभर बोभाटा झाला, कारण पट्टी त्याच्या नावाची होती आणि ती दाखवता आली. हमालाला हमाली मिळायलाच हवी, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण ज्याच्या नावाची पट्टीच नाही त्याचं काय? माझे वडील वाट्याने जमीन करायचे. रोप आमचं, पाणी भरायला रात्री आम्ही, पट्टी मात्र मालकाच्या नावावर. किती गेला, काय भाव मिळाला, किती कापलं, हे मालक तोंडी सांगायचा. त्या वर्षी सरकारने क्विंटलला 350 रुपये अनुदान दिलं. अर्जाला विक्रीपट्टी हवी आणि कांद्याची नोंद असलेला सातबारा हवा. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. माझ्या आईचं नाव तर कुठल्याच कागदावर नसतं, आणि कांद्याला पहिला हात तिचाच लागतो.

जोतीराव फुल्यांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला. ज्याला वाचता येत नाही त्याला लिहिणारा कसा नागवतो, हे त्यात पानोपानी आहे. मला तो मुद्दा लहानपणी फक्त कुलकर्ण्यापुरता वाटायचा. आता वाटतं, हिशोबपट्टीपासून शिपिंग बिलापर्यंतचं प्रत्येक कागद वरच्याला दिसतं, खालच्याला दिसत नाही. लासलगावला आपला कांदा ज्या भावाने गेला, तोच कांदा न्हावाशेव्याला कितीने चढला, हे माझ्या घरात आजवर कोणाला समजलेलं नाही.

बी.ए. झाल्यावर मी मालकाकडे पट्टी मागितली होती. तो हसून म्हणाला, “तुला काय समजतंय त्यातलं?” वडील मलाच रागावले. पुढच्या वर्षी जमीन मिळाली नाही तर, ही भीती त्यांना होती, आणि ती खोटी नव्हती. मी दोन वर्षं गप्प बसलो.

यंदा फोनवर पुन्हा मागितली. वडिलांना विचारूनच. त्याने फोटो पाठवला. वजन दिसतं, भाव दिसतो, कपातीच्या ओळींवर अंगठा आहे. मी दुसरा फोटो मागवला आहे.