जादा पैसे कशाचे?



कोल्हापुरात आखाड तोंडावर आलाय. त्र्यंबोलीची जत्रा, पंचगंगेचं नवं पाणी, गल्लीगल्लीतून पी ढबाकची वाजंत्री, आणि श्रावण लागायच्या आत एकदा तरी मटणाचं जेवण झालंच पाहिजे ही घराघरातली घाई. पाहुणेही याच दिवसांत येतात. पुण्या-मुंबईचे येतात, परदेशातून सुट्टीला आलेले येतात. एक जेवण घरी होतं आणि दुसऱ्या दिवशी हॉटेल ठरतं. तिथं टेबलावर बसलं की विचारणा होते, साधी मटण थाळी का स्पेशल? आणि आपण पाहुण्यांसमोर, कार्डाकडं न बघता सांगून टाकतो, "सगळ्यांना स्पेशलच आणा."

आज मला मिळालेला वेळ या एका वाक्यासाठी आहे. स्पेशल घेऊ नका असं मी म्हणत नाही. घ्या, पण घेण्याआधी वाढणाऱ्याला विचारा: साध्यापेक्षा यात जादा काय येतं? मटण जादा येत असेल तर किती, आणि कुठल्या भागाचं? इतकंच विचारा. माझं सगळं भाषण या प्रश्नाभोवती फिरणार आहे, त्यामुळं मधेच कोणी रेडिओ लावला तरी काही बिघडणार नाही.

आता थाळीचा जीव कशात असतो ते बघू. मटण हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजवलं की जे पाणी उतरतं ते अळणी. ही अळणी म्हणजे सगळ्याचं मूळ. तिच्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू आणि खडा मसाला गेला की पांढरा रस्सा होतो, आणि नारळाचं दूध पडल्यावर त्याला खळखळ उकळू देत नाहीत, नाहीतर फुटतो. तिच्यातच भाजलेलं सुकं खोबरं आणि उन्हाळ्यात कांडून ठेवलेली कांदा-लसूण चटणी गेली की तांबडा रस्सा. ज्याची अळणी पातळ त्याचे दोन्ही रस्से पातळ. मग वरून कितीही तेल सोडा, तवंग येतो, चव येत नाही.

आणि अळणीला जोर येतो कुठून? हाडातून, नळीतून, गर्दनीतून, पायाकडच्या भागातून. जनावराचा जो भाग आयुष्यभर राबला, त्यात चिवट पडदे आणि शिरा जास्त असतात. मंद आचेवर बराच वेळ शिजलं की हा चिवटपणा विरघळून रश्शात उतरतो आणि रस्सा ओठाला किंचित चिकटतो. घरी ज्यांनी रस्सा केलाय त्यांना हे सांगायला नको. म्हणजे थाळीतली खरी किमती गोष्ट कमी दिमाखाच्या भागातून येते. आणि ती गोष्ट, बघा, आपल्याकडं बहुतेक ठिकाणी साध्या थाळीतही हवी तेवढी मिळते. वाटी रिकामी झाली की वाढपी न मागता भरतो. ज्या रश्शासाठी पाहुणा दोनशे-तीनशे किलोमीटर गाडी चालवत आला, तो साध्या थाळीतच आलाय. मग वरचे पैसे कशाचे?

आपल्या कोल्हापुरी चपलेचं उदाहरण घेते. चप्पल लाइनीत एकाच दुकानात दोन जोड पुढं ठेवतात. एकाची किंमत दुसऱ्याच्या दीडपट. महागाला गोंडा आहे, जर आहे, वेणी बारीक आहे, कान रंगवलेले आहेत. बाहेरगावचा माणूस गोंडा बघतो. आपल्याकडचा जुना माणूस काय करतो? जोड उलटा करतो. तळ बघतो, चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात नीट कमावलंय का ते बोटानं दाबून बघतो, शिवण चामड्याच्या वादीची आहे का बघतो. तळ चांगला असेल आणि जादा पैसे त्यासाठी असतील तर तो मुकाट देतो, कारण ती चप्पल चार वर्षं जाते. तळ तोच आणि जादा पैसे नुसत्या गोंड्याचे असतील तर तो साधा जोड उचलतो. गोंडा वाईट नसतो. लग्नात मिरवायला गोंड्याची चप्पल घ्यावी, मीही घेतली आहे. पण गोंड्याचे पैसे तळाचे समजून देऊ नयेत.

थाळीलाही तळ असतो आणि गोंडा असतो. उकडलेलं अंडं हा गोंडा. साध्या भाताऐवजी आलेला बिर्याणीचा भात, गुलाबजाम, पापडाची चळत, पितळेचं मोठं ताट, हे सगळे गोंडे. मटण हा तळ. म्हणून म्हणते, जोड उलटा करून बघा. विचारा, कुठला भाग?

हा प्रश्न फक्त कोल्हापूरचा नाही. माझा भाचा अमेरिकेत असतो. तो आणि त्याची बायको क्रूझवर निघाले होते, सात दिवसांची समुद्रसफर. त्याचा फोन आला, "मावशी, इथं रात्रीचं जेवण तिकिटातच आहे. त्यात स्टेकही आहे. पण कार्डावर खाली वेगळ्या चौकटीत भारीतले स्टेक आहेत, त्याला वीस-पंचवीस डॉलर जादा. घेऊ का?" आता मी काही स्टेक खाणारी बाई नाही. पण प्रश्न ओळखीचा होता. मी म्हटलं, फुकटातला कुठल्या भागाचा आणि पैशाचा कुठल्या भागाचा, ते विचार.

तिकडं हा प्रश्न विचारणं सोपं आहे, कारण तिथं भाग कार्डावर छापलेला असतो. स्टेकचं गणित आपल्या रश्शाच्या बरोबर उलट असतं. तिथं मांस मोठ्या आचेवर थोड्या वेळात भाजतात. चिवट भागाला विरघळायला वेळच मिळत नाही. म्हणून कण्याजवळचा, ज्याला जनावराच्या चालण्या-फिरण्यात फारसं काम नसतं असा भाग सगळ्यात मऊ आणि सगळ्यात महाग. त्याला ते टेंडरलॉइन म्हणतात, त्याचाच फिले होतो. दुसरं, मांसात चरबीच्या बारीक रेषा किती त्यावरून अमेरिकेच्या शेती खात्याच्या प्रती ठरलेल्या आहेत: प्राइम, तिच्याखाली चॉइस, तिच्याखाली सिलेक्ट. त्या प्रतीला पैसे द्यावेत की नाही हा ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग, पण निदान कशाला देतोय हे कळतं. नुसतं प्रीमियम किंवा सिग्नेचर लिहिलं असेल तर त्यामागं अशी सरकारी प्रत नसते, तिथं विचारावंच लागतं. आणि मी त्याला आणखी एक सांगितलं, जे इथंही लागू आहे. पहिल्या रात्री तिकिटातला खा. तो आवडला तर प्रश्नच मिटला. नाही आवडला तर कशात कमी पडला ते बघ. भाग चिवट असेल तर पैसे भरून मऊ भाग घे. पण भटारखान्यात हजार-दोन हजार माणसांचा स्वयंपाक एकदम निघतो म्हणून तो जादा भाजला गेला असेल, तर महागाचाही त्याच चुलीवर तसाच भाजला जाऊ शकतो.

आता आपल्याकडंही अशी जहाजं आली. 2018 साली मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' सुरू झाली होती, आणि 2021 पासून 'कॉर्डेलिया' मुंबईहून जाते. कोल्हापूरची माणसं हौसेनं जातात. तिथंही मुख्य जेवण भाड्यात असतं आणि काही खास जेवणघरांचे पैसे वेगळे. जाणाऱ्यांनी तिथंही हेच विचारावं.

परत आपल्या ताटाकडं येते. समजा साध्यात आणि स्पेशलमध्ये दीडशे रुपयांचा फरक आहे आणि मटणाचा भाव किलोला आठशे आहे. दीडशे रुपयांत दुकानात हाडासकट पावणेदोनशे-एकशे नव्वद ग्रॅम मटण येतं. हॉटेलवाल्याला गॅस आहे, तेल आहे, आचारी आहे, जागेचं भाडं आहे, त्याचं पोट आहे. निम्मे त्याचे धरा. तरी नव्वदेक ग्रॅम कच्च्या मटणाचा तुमचा हक्क राहतो, म्हणजे दोन बऱ्यापैकी फोडी. शिजल्यावर मटण चांगलं चतुर्थांश घटतं, त्यामुळं ताटात फोड लहान दिसली म्हणून लगेच भांडायला उठू नका. पण दोन फोडी दिसल्या पाहिजेत. आणि त्या चापेच्या किंवा मागच्या फऱ्याच्या असतील तर दीडशे रुपये मी आनंदानं देईन. त्याच पातेल्यातल्या गर्दनीच्या दोन हाडकांवर कोथिंबीर टाकून आली असेल तर नाही. गर्दन वाईट म्हणून नव्हे, गर्दनीचं काम रश्शात झालंय म्हणून.

मला एका गोष्टीचं नवल वाटतं आणि थोडा रागही येतो. 2019 च्या शेवटी मटणाचा भाव सहाशेच्या घरात गेला तेव्हा हेच शहर रस्त्यावर उतरलं होतं. कसबा बावड्यात, पेठापेठांत बैठका झाल्या, कृती समिती झाली, दुकानं बंद राहिली, प्रशासनाला मध्ये पडावं लागलं. देशभरातले लोक म्हणाले, मटणासाठी आंदोलन! पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. लोक भाव विचारत होते, वजन विचारत होते, जनावर कुठलं ते विचारत होते. तो गिऱ्हाइकाचा अधिकार आहे. आजही रविवारी सकाळी दुकानात आपण कसे उभे राहतो बघा. "चाप घाला, नळी दोन टाका, चरबी कमी, पालव्याचं आहे का?" खाटिकही न चिडता सांगतो, कारण त्याला माहीत आहे की समोरच्याला कळतं. मग तोच माणूस संध्याकाळी हॉटेलात बसला की गप्प का होतो? पाहुण्यांसमोर विचारलं तर कंजूष दिसू, ही भीती. अहो, ज्याला मटणातलं कळतं त्याला कोल्हापुरात कोणी कंजूष म्हणत नाही! उलट पाहुण्यांना वाटतं, हा जाणकार आहे, हा सांगेल ते खावं.

जादा पैसे कशाला द्यावेत तेही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाईंना सगळंच नको असतं. जे वेगळ्या भांड्यात, वेगळ्या मेहनतीनं केलेलं असतं त्याला द्यावेत. मटण लोणचं चांगलं जमलेलं असेल तर द्या, कारण त्यात मटणाचं पाणी आटवून आटवून तेलावर आणावं लागतं, वेळ जातो, हात दुखतो. खिम्याचे गोळे ताजे वळलेले असतील तर द्या. रक्ती-मुंडी ज्यांना आवडते त्यांनी तर विचारूच नये, साफ करण्याची मेहनतच तेवढी आहे. आणि सुकं, पण सुकं खरोखर वेगळं परतलेलं पाहिजे. बऱ्याच ठिकाणी तांबड्यातल्याच फोडी काढून तव्यावर मसाल्यात फिरवतात. ओळखायचं कसं? फोड मोडून बघा. मसाला आतपर्यंत मुरलेला असेल तर ते सुकं. वर तांबडं आणि आत पांढरं फटक असेल तर त्याला नुसता रंग लावलाय.

गर्दीचा दिवसही बघावा. आखाडातल्या रविवारी दुपारी दीड वाजता, दारात लोक ताटकळत उभे असताना, मागणीनुसार परतून द्यायचे पदार्थ घाईनं होतात. आचाऱ्याचा दोष नाही, त्याला दोनच हात आहेत. त्या वेळी मोठ्या पातेल्यात पहाटेपासून शिजत असलेला रस्सा मात्र उत्तम असतो. म्हणून गर्दीत साधी थाळी, आणि स्पेशल घ्यायची तर आडवारी, संध्याकाळी लवकर. बुधवारी गेलात तर आचारी स्वतः येऊन सांगतो आज काय चांगलं आहे ते. त्याचं ऐका.

काचेपलीकडून खूण होतेय, दोनच मिनिटं राहिली. लहान मुलांचं सांगायचं राहिलं. मुलांसाठी वेगळी थाळी घेऊ नका. त्यांना तांबडा झेपत नाही, ताट तसंच राहतं आणि पैसे जातात. त्यांच्यासाठी अळणी मागा. कार्डावर नसते, पण मागितली की बहुतेक ठिकाणी वाटीभर देतात. त्यात भात कुस्करायचा, वर दोन थेंब लिंबू. आजारातून उठलेल्या माणसालाही तीच चालते. 

मुख्य प्रश्न तेवढा पुन्हा सांगते. या रविवारी बसाल तेव्हा स्पेशल म्हणण्याआधी विचारा, जादा काय आणि कुठल्या भागाचं. वाढपी पोरगं नवीन असेल, त्याला ठाऊक नसेल, तर त्याच्यावर ओरडू नका. त्याला आत पाठवा आणि आचाऱ्याकडून विचारून आणायला सांगा. दोन मिनिटं लागतील, तोवर पांढरा पीत बसा, तो गरम असतानाच प्यायचा असतो.